पाय गार तर फुलं फार

बुकेमधले गुलाब चार दिवसांत मान टाकतात, पण आतल्या पाकळ्यांवर तपकिरी रेघा असलेली ती छोटी फुलं दोन-दोन आठवडे टिकतात ना, तीच अल्स्ट्रोमेरिया उर्फ पेरुव्हियन लिली. नावच फसवं आहे. ही खरी लिली नाहीच आणि बहुतेक जाती चिली आणि ब्राझीलच्या. अल्स्ट्रोमेरिया हे नाव वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने आपला स्वीडिश मित्र क्लास अल्स्ट्रोमर याच्यावरून ठेवलं.

एक दांडी हातात घेऊन पान बघा. बुडाशी पिळलेलं असतं, धुणं पिळतो तसं, बरोबर अर्धा फेरा, त्यामुळे वर दिसते ती पानाची खालची बाजू!

आता माझं रडगाणं. पुण्यात बाल्कनीत कुंडी लावली, पाला भरपूर, फूल एक नाही. मी आपली खत घालतेय. नंतर कळलं की हे झाड गरमी मुळांनी मोजतं, माती बराच काळ 20-22 अंशांच्या वर राहिली की जमिनीतल्या कंदातून येणारे नवे कोंब फुलाचे न येता नुसते पानांचे येतात, वर हवा थोडी गरम असली तरी एकवेळ चालतं पण पाय गार हवेत. म्हणून तर मोठे ग्रीनहाऊसवाले वाफ्यांत पाइप टाकून त्यातून थंड पाणी खेळवतात, म्हणजे मातीला एसीच की.

आपल्याला एसी परवडणार नाही, पण माठ आहे ना! प्लास्टिकऐवजी मातीची मोठी, बारा इंची कुंडी घ्या, बाहेरून पाझरून पाणी उडतं आणि आतली माती गार राहते. वर पालापाचोळा पसरा, सकाळचंच ऊन द्या, पाणी साचू देऊ नका. घरात ठेवायची तर बुटकी जात आणि भरपूर उजेडाची खिडकी. फुलं आलीच तर ती थंडीत, मे महिन्यात आशा सोडा.

इंग्लंडमध्ये माझ्या मामेबहिणीच्या अंगणात मात्र रान माजलंय. ती फुलं कात्रीने कापत नाही, दांडी बुडाशी धरून हिसका देऊन उपटते, त्याने कंदाला नवा कोंब फुटायला चालना मिळते. ग्लोव्हज घालून हं, कारण चिकात ट्युलिपोसाइड नावाचं कातडीला त्रास देणारं द्रव्य असतं, रोज हाताळणाऱ्या फुलवाल्यांची बोटं त्याने फुटतात. आणि पहिल्या वर्षी हिसका नको, मुळं धरलेली नसतात. मी उत्साहात दिला, कंदासकट अख्खं झाड हातात.