स्कूबा रेग्युलेटर : बदलती रचना आणि जुन्या साधनांशी जुळणी

स्कूबा रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा पाणबुड्याला त्या-त्या खोलीच्या दाबाने, श्वास ओढताच पुरवणारी झडपयंत्रणा. दाब दोन टप्प्यांत उतरतो. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज तो भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणते, उरलेला तोंडातली सेकंड स्टेज उतरवते. जुने-नवे भाग जोडताना सगळ्यांचे लक्ष आट्यांवर असते. घोटाळा बहुधा या मधल्या दाबात होतो.

कुस्तो आणि गान्यां यांच्या १९४३ च्या रेग्युलेटरला दोन जाड नळ्या होत्या आणि सगळी यंत्रणा पाठीमागे होती. एकनळी रचनेने त्याला मागे टाकले. बहुतेक दुनळी नगांवर दाबमापक, ऑक्टोपस (जादा सेकंड स्टेज) किंवा बीसीडीची (हवा भरून तरंगणे सांभाळायच्या जाकिटाची) नळी लावायला जागाच नसते, त्यामुळे आज ते संग्राहकांच्या कामाचे.

सिलिंडरशी जोड दोन प्रकारची. योक म्हणजे व्हॉल्व्हभोवती आवळायचा शिकंजा. तो २३२ बारपर्यंतच वापरायचा. दुसरा प्रकार डिन. त्याचे आटे थेट व्हॉल्व्हमध्ये फिरतात. ३०० बारचा डिन रेग्युलेटर २०० च्या व्हॉल्व्हवरही चालतो. उलट केले तर २०० चा आखूड पडतो, तळाशी टेकत नाही आणि हवा धरत नाही. हे मुद्दामच तसे ठेवले आहे. जुने अरुंद योक आजच्या जाड व्हॉल्व्हवर बसत नाहीत. तिथे घासून जागा करू नये.

पोर्टचे, म्हणजे फर्स्ट स्टेजवर नळ्या जोडायच्या भोकांचे, प्रकरण जास्त धोक्याचे. आज लो-प्रेशर पोर्ट ३/८ इंचाचे आणि हाय-प्रेशर ७/१६ चे असते, त्यामुळे चूक होतच नाही. अनेक जुन्या फर्स्ट स्टेजवर मात्र दोन्ही ३/८ चीच होती. तिथे सेकंड स्टेजची नळी हाय-प्रेशर पोर्टात सहज बसते आणि व्हॉल्व्ह उघडताच सिलिंडरचा पूर्ण दाब घेऊन फुटते. पोर्टशेजारी ‘एचपी’ कोरलेले आहे का, ते पुसून पाहावे.

अनबॅलन्स्ड पिस्टन या साध्या प्रकारच्या फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होत जाईल तसा मधला दाब उतरतो, श्वास जड होतो. अशा फर्स्ट स्टेजला हलक्या श्वासाने उघडेल अशी लावलेली नवी सेकंड स्टेज जोडली, की भरल्या सिलिंडरवर ती आपोआप वाहू लागते. डाउनस्ट्रीम सेकंड स्टेजची झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडते, त्यामुळे ती जादा दाब स्वतःच सोडून देते. अपस्ट्रीम रचनेत झडप प्रवाहाविरुद्ध उघडते, त्यामुळे तो दाब झडप आणखी घट्ट बंद करतो. म्हणून तिच्या फर्स्ट स्टेजवर किंवा नळीवर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच.

तपासणी सोपी आहे. बीसीडीच्या नळीला मधल्या दाबाचा गेज लावा, व्हॉल्व्ह हळू उघडा, पर्ज (सेकंड स्टेजवरचे हवा सोडायचे बटण) चारपाच वेळा दाबा. काटा एका जागी थांबला पाहिजे. पाच मिनिटांत तो वर सरकत राहिला, तर हाय-प्रेशर सीट (फर्स्ट स्टेजची झडप जिथे टेकून बंद होते तो भाग) झिजली आहे. स्प्रिंग पिळून दाब कमी करणे हा त्यावर उपाय नव्हे.

मुंबईत ओ-रिंग म्हटली की पावले नागदेवी स्ट्रीटकडे वळतात. योक व्हॉल्व्हची ०१४ मापाची रिंग १.७८ मिलिमीटर जाड असते. गल्ल्यावर हाती येणारी २ मिलिमीटरची हुबेहूब तशीच दिसते, पण खाचेत नीट बसत नाही आणि दाबाखाली बाहेर ढकलली जाते. कडकपणाही विचारून घ्यावा: ७० ड्युरोपेक्षा ९० बरी.

तारकर्ली-मालवणचा हंगाम संपला की रेग्युलेटर पावसाळाभर घरात पडून असतो, आणि इथल्या दमट हवेत उरलेले मीठ पितळावर हिरवे डाग पाडते. ठेवण्याआधी डस्ट कॅप घट्ट लावून गोड्या पाण्यात भिजत ठेवावा. त्या वेळी पर्ज दाबू नये, नाहीतर झडप उघडून पाणी नळीतून फर्स्ट स्टेजपर्यंत जाते.