ब्रेक ऑइल पाणी पितं

“गाडी चाललीय कुठं एवढी? फक्त बेचाळीस हजार!” जुनी मोटरहोम विकणारा हे हमखास सांगतो आणि घेणारा ते ऐकून खूश होतो. आमच्या दाजींनी अशीच एक २०११ची डिझेल व्हॅन घेतली. आत दोन पलंग, ओटा, शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी. आधीच्या मालकानं वर्षाला एखाददुसरी सहल केली असेल, बाकी वेळ गाडी ताडपत्रीखाली उभी.

मे महिन्यात आम्ही तिच्यातनं देवगडला निघालो. गगनबावडा सोडला, करूळ घाट उतरलो, वैभववाडीच्या अलीकडं चहाला थांबलो. घाटात ब्रेक व्यवस्थित लागत होते. चहा घेऊन निघालो आणि पहिल्याच वळणावर दाजींचा पाय पेडलसकट खाली टेकला. त्यांनी हँडब्रेक ओढला. त्याची केबल वेगळी असते, म्हणून गाडी थांबली.

अर्ध्या तासानं पेडल पुन्हा घट्ट! कोल्हापुरात परतल्यावर उद्यमनगरात गाडी दाखवली. लीक नाही. चाकाला घासून गाडी थांबवणारे लायनर जाड, पॅडही चांगले. घरी आत्या म्हणाल्या, नवी गाडी आहे, नजर लागली असणार, लिंबू-मिरची बांधा. एखादी गोष्ट आपोआप बिघडली आणि आपोआप सुधारली की आपल्याकडं नजरेचंच नाव निघतं. मला याचा राग येतो. लिंबू बांधून समाधान झालं की शोध थांबतो, आणि दोष मात्र पुढच्या घाटाची वाट बघत गाडीतच राहतो.

दोष ब्रेक ऑइलमध्ये होता. मुळात हे नावच फसवं आहे, कारण ते तेल नसतं. आपल्या गाड्यांत ग्लायकॉल जातीची रसायनं असलेला द्रव असतो. खरं तेल त्यात चुकून पडलं तर ब्रेकच्या सिलिंडरमधले रबरी कप फुगून निकामी होतात.

पास्कलचा नियम शाळेत शिकलेला असतो: बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो. पायाचा जोर चाकापर्यंत जातो तो द्रव जवळजवळ दबतच नाही म्हणून. वाफ मात्र दबते. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पेडलची सगळी चाल त्याला दाबण्यातच संपते.

आता उष्णतेचा हिशोब करू. भरलेली व्हॅन ४ टन आणि उतार ५०० मीटर धरला, तर उतरताना सुमारे २ कोटी ज्यूल ऊर्जा कुठंतरी घालवावी लागते. एवढ्यात साठेक लिटर पाणी, म्हणजे तीन मोठ्या बादल्या, उकळायला लागेल. काही वाटा हवेचा रोध आणि इंजिन उचलतं, उरलेली सगळी ब्रेकच्या लोखंडात जाते. प्रवासी गाडी कधी रिकामी तरी धावते. मोटरहोमचे पलंग, ओटा, गॅस सिलिंडर उतरत नाहीत, त्यामुळं तिच्या ब्रेकला रोजच पूर्ण ओझं.

ब्रेक ऑइलच्या डब्यावर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ अशी प्रत लिहिलेली असते. नवं ‘डॉट ४’ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ग्लायकॉलचे रेणू पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात. रबरी नळ्यांतून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून दमट हवा हळूहळू आत झिरपते. गाडी चालो वा उभी राहो, आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे ते ऑइल पीतच असतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ४ साठीची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, डॉट ३ साठी १४० वर. किलोमीटरचा काटा याची नोंद ठेवत नाही.

मग पाणी न पिणारं ऑइल का वापरत नाहीत? सिलिकोनचं असतं तसं. पण त्यात शिरलेलं पाणी न मिसळता थेंबाथेंबानं सखल जागी साठतं, तिथं लोखंड गंजवतं आणि १०० अंशांच्या आसपासच उकळतं. ग्लायकॉल ते पाणी सगळीकडं वाटून टाकतं. या द्रवाचा दुर्गुण हाच त्याचा गुण आहे, आणि मला तो फार आवडतो.

पण ब्रेक घाटात न जाता चहानंतर का गेला? कुकर आठवा. दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. ब्रेक दाबलेला असताना नळीतला दाब वातावरणाच्या वीस-तीस पट सहज होतो, त्यामुळं तापलेलं ऑइलही उकळत नाही. पाय उचलला की दाब उतरतो. त्यात गाडी थांबली की डिस्कवरचा, म्हणजे पॅड जिला घासतात त्या लोखंडी चकतीवरचा, वाराही थांबतो, आणि डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनमागच्या ऑइलकडं सरकत राहते. आपण चहा पीत असताना चाकापाशी ऑइल उकळत होतं! पुढं गार झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव झालं, म्हणून उद्यमनगरात काहीच सापडलं नाही.

दुसराही एक बिघाड असतो. पॅड किंवा लायनर अति तापून त्यांचं घर्षण कमी होतं. तेव्हा पेडल टणक लागतं, पण गाडी आवरत नाही. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर वाफेचा संशय घ्यावा.

उभ्या गाडीची इतर दुखणी थोडक्यात. टायरची नक्षी बघून भुलू नका, कडेचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. रबर उभ्या जागीही तडकतं. त्यात नायट्रोजन भरून ते तरुण होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बॅटरी अर्धवट उतरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. वायरी उंदरांपासून जपाव्या लागतात.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “सर, ऑइल कधी बदललंय?” दाजींना माहीत नव्हतं. “म्हणजे बदललेलंच नाही,” म्हणत त्यांनी पाना घेतला. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून जे चाक सगळ्यात लांब, तिथनं सुरुवात. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी ऑइल सोडायचा स्क्रू, म्हणजे निपल, सैल करतो, पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत उतरतं, निपल बंद, मगच पाय वर. पहिल्यांदा आलं ते कोऱ्या चहासारखं काळपट, मग फिकट पिवळं. लिटरभर नवं ऑइल लागलं. डब्यात उरलेलं मिस्त्रींनी ठेवलं नाही, उघडलेला डबाही पाणी पितो. गाडीतल्या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यांनी तारीख लिहिली आणि खाली दोन वर्षांनंतरची दुसरी.

परवा पुन्हा करूळ उतरलो, या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये. उतारावर न्यूट्रल केल्यानं डिझेल वाचतं असं दाजी म्हणायचे. पण गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं डिझेल तुटतंच, शिवाय इंजिन गाडीला मागं खेचतं. त्याच टपरीवर चहा घेतला. निघण्याआधी दाजींनी गाडी जागेवरच ठेवून तीन वेळा ब्रेक दाबून बघितला. पेडल वरच होतं.