लिनोकट की वुडकट? काळा भाग नीट बघा

वाळवंटाची वुडकट, म्हणजे लाकडी फळी कोरून छापलेली चित्रं, करणाऱ्या एका कर्णबधिर छापचित्रकाराची कामं लातूरमधल्या मुलांना दाखवली, की पहिला प्रश्न येतो, ‘हे लिनोच ना?’ गोंधळ साहजिक आहे. आपल्याकडे मुलांच्या हाती आधी लिनो येतो, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियमचा तुकडा कोरतात, आणि दोन्हींची रीत एकच. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्या उंचवट्यावर रोलरने शाई चढते, चित्र उलटं उमटतं.

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुसा आणि मागे तागाचं कापड. त्याच्या अंगात रेषा नसतात. हत्यार हवं तिकडे वळतं, वळणं गुळगुळीत येतात आणि काळा भाग सपाट छापतो. आपल्या मे महिन्यात तो मऊ पडतो. थंडीत कोरायचा तर आधी उन्हात ठेवावा.

लाकडाचं तसं नाही. रेषेच्या दिशेने सुरी धावते, आडवी गेली की कपचा उडतो. फळी तारेच्या ब्रशने घासली तर मऊ भाग झिजतो, कठीण रेषा वर राहतात आणि काळ्या शाईतही उमटतात. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंकने या रेषा मुद्दाम दिसू दिल्या. वाऱ्याने वाळूवर उठवलेल्या लाटा दाखवायला मला म्हणूनच लाकूडच योग्य वाटतं. लिनोवर ती प्रत्येक लाट हाताने कोरावी लागते, आणि मग तिची नक्षी होते. आपला उन्हाळ्यातला बरड माळ कोरायचा असेल तरी फळीच घ्या. सुकताना तिला तडा गेला तर तो छापात पांढरी रेघ होऊन येतो. बरेच जण तो बुजवतात. राहू द्यावा.

‘ऐकू येत नाही म्हणून हातात जादू’ असं कौतुक मात्र नको. डेव्हिड ब्लॉख हा कर्णबधिर चित्रकार नाझी जर्मनीतून निसटून १९४० मध्ये शांघायला पोचला आणि तिथल्या रिक्षा ओढणाऱ्यांचं जगणं त्याने वुडकटमध्ये आणलं. काय ठेवायचं, काय कोरून काढायचं, हे त्याने नजरेने आणि अभ्यासाने ठरवलं.

प्रदर्शनात मोठा काळा भाग शोधा. त्यात बारीक, जवळजवळ समांतर रेघा दिसल्या तर लाकूड. शाई दाट असेल किंवा ठसा (ज्यावरून छापतात तो कोरलेला तुकडा) एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, कोरलेला असेल, तर त्या दिसणार नाहीत. तेव्हा कलाकारालाच विचारा; तो कर्णबधिर असेल तर कागदावर लिहून, आणि ठसा बघायला मागा.