काळ्या यादीतलं जहाज आणि त्याचा सातवा अंक

‘उपग्रहाच्या नजरेतून आता एकही चोरटी मासेमारी सुटणार नाही’ अशी बातमी अधूनमधून झळकते. वाचायला बरं वाटतं. पण जहाजाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या एआयएस यंत्राला बटण असतं आणि चोर ते बंद करतो. रडारच्या चित्रात ठिपका दिसला, तरी तो कोणाचा हे कसं कळणार?

अशा जहाजांना जेरीस आणते ती काळी यादी. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राची देखरेख करणाऱ्या ‘कॅमलार’ या आयोगाने (भारत 1986 पासून त्याचा सदस्य आहे) 2006 साली ‘थंडर’ हे जहाज यादीत टाकलं. महागड्या टूथफिश माशांसाठी ते बंदी असलेली गिलनेट जाळी टाकायचं. यादीत नाव आलं की सदस्य देश बंदरात माल उतरवू देत नाहीत, परवाना नाकारतात, इंधन आणि रसद तोडतात.

यावर चोरांचा उपाय सोपा: नाव बदला, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) बदला. हेच जहाज कधी ‘रुबिन’, कधी ‘टायफून-1’, कधी ‘कुको’ झालं. त्याच्या मागच्या बाजूला नाव रंगवलेलंच नव्हतं, पत्र्याची पाटी टांगलेली होती.

बदलत नाही तो आयएमओ क्रमांक, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेतला जहाजाचा सात अंकी ओळख क्रमांक. गाडीच्या चासी नंबरसारखा तो जहाज भंगारात जाईपर्यंत चिकटलेला असतो. ‘थंडर’चा होता 6905408. यातला शेवटचा अंक आधीच्या सहांवरून ठरतो. त्या सहांना डावीकडून 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा: 42, 54, 0, 20, 12, 0. बेरीज 128. एकं स्थानी 8, आणि सातवा अंकही 8. जमलं!

गंमत या उतरत्या गुणकांत आहे. पहिल्या सहांतले शेजारचे दोन अंक लिहिताना उलटसुलट झाले, तर बेरीज त्या दोन अंकांमधल्या फरकाइतकी बदलते. हा फरक 1 ते 9 मध्येच असणार, म्हणजे एकं स्थानचा अंक बदललाच पाहिजे. चूक हमखास पकडली जाते. मात्र तिसऱ्या अंकाचा गुणक 5. तिथे 0 ऐवजी 2 लिहिला तर बेरीज बरोबर 10 ने वाढते आणि 6925408 बिनबोभाट पास होतो. 7 आणि 3 या गुणकांच्या जागी असं होत नाही, कारण त्यांचा 10 शी सामाईक विभाजक नाही. म्हणून शहाणा निरीक्षक आकडेमोडीवर थांबत नाही. नोंदवहीतली लांबी, बांधणीचं वर्ष आणि जुने फोटो समोरच्या जहाजाशी ताडून पाहतो.

मासेमारी जहाजांना या क्रमांकाच्या योजनेत 2013 पर्यंत सूट होती, हे विशेष. मोठी पळवाट होती ती.

डिसेंबर 2014 मध्ये समुद्री जीव वाचवण्यासाठी झटणाऱ्या ‘सी शेफर्ड’ संघटनेच्या जहाजाने ‘थंडर’ला गाठलं आणि 110 दिवस पिच्छा पुरवला. मधेच नायजेरियाने त्याची नोंदणी काढून घेतली. 6 एप्रिल 2015 रोजी ते पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या बेटाजवळ बुडालं. खलाशांना पाठलाग करणाऱ्यांनीच वाचवलं. जहाज मुद्दाम बुडवल्याचा संशय होता; साओ टोमेच्या न्यायालयाने कप्तान आणि दोन इंजिनिअरांना दोषी ठरवलं. मालकाला मात्र असा कोणताही क्रमांक चिकटलेला नसतो. तो एका कंपनीआड दुसरी कंपनी उभी करतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला स्पेनने 2014 साली कायदाच बदलला: जहाजावर झेंडा कुठल्याही देशाचा असो, त्यामागचा नागरिक आपला असेल तर दंड करता येईल.