बेलीझ : प्रवाळभिंत आणि महोगनीच्या रानातून घडलेले पर्यटन

१९२६ च्या जानेवारीत हेन्री ब्लिस नावाचे एक धनाढ्य इंग्रज गृहस्थ आपली नौका घेऊन बेलीझच्या किनाऱ्यासमोर येऊन थांबले. कमरेखालून पांगळे झालेले आणि 'बॅरन' म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ मासेमारीच्या छंदापायी आले होते. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना किनाऱ्यावर पाऊल ठेवता आले नाही आणि ९ मार्च रोजी नौकेवरच त्यांचा मृत्यू झाला. जी भूमी त्यांनी केवळ पाण्यावरून पाहिली, तिच्याच नावे त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा भाग, सुमारे वीस लाख डॉलर, ठेवला. मूळ रकमेला हात न लावता तिच्या व्याजातून लोकोपयोगी कामे करावीत, अशी व्यवस्था त्यांनी मृत्युपत्रात केली होती. त्यांची समाधी बेलीझ सिटीतील दीपगृहाशेजारी आहे. या देशाच्या पर्यटनाचा इतिहास सांगताना ब्लिस यांच्यापासून सुरुवात करण्याचा मोह आवरत नाही. मात्र खरी सुरुवात त्यांच्या आधी तीनेकशे वर्षे झालेली आहे.

मध्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बेलीझचे क्षेत्रफळ सुमारे २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण सहापट आहे आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे. किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी सुमारे ३०० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत समुद्रात पसरलेली आहे. आज स्नॉर्केलिंग आणि स्कूबा डायव्हिंगसाठी येणारे पर्यटक जिच्यासाठी पैसे मोजतात, तीच भिंत सतराव्या शतकात मोठ्या स्पॅनिश जहाजांसाठी कर्दनकाळ होती. तिच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात छोट्या होड्या घेऊन दडून बसणे इंग्रज समुद्री लुटारूंना सोयीचे होते. लुटीपेक्षा लाकूडतोड अधिक भरवशाची आहे हे ध्यानात आल्यावर हेच लोक किनाऱ्यावरील दलदलीत लॉगवूड तोडू लागले. युरोपातील कापडउद्योगात या लाकडापासून मिळणाऱ्या रंगाला मोठी मागणी होती. पुढे या वसाहतवाल्यांना 'बेमेन' असे नाव पडले.

या प्रदेशावर हक्क सांगणाऱ्या स्पेनने अठराव्या शतकातील तहांन्वये इंग्रजांना लाकूड तोडण्याची मुभा दिली. १७८६ च्या करारात महोगनीचाही समावेश झाला. मळे लावण्यास मात्र मनाई होती. १७९८ च्या १० सप्टेंबरला सेंट जॉर्जेस बेटाजवळच्या लढाईत स्पॅनिश आरमाराला माघार घ्यावी लागली, तरी लाकडाच्या व्यापारातून गब्बर झालेल्या जमीनमालकांनी त्यानंतरही शेतीला उत्तेजन दिले नाही, कारण मजूर शेतीकडे वळले तर रानात कुऱ्हाड कोण चालवणार, हा त्यांचा हिशेब होता. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून आणि १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपल्यानंतर कर्जात अडकवलेल्या मजुरांकडून हे काम करवून घेतले गेले. महोगनीची झाडे रानात विखुरलेली असल्यामुळे तोड निवडक होत असे. कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटांवर उसासाठी जंगले साफ झाली, तसे येथे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. अन्यायाच्या व्यवस्थेतून रान मात्र शिल्लक राहिले, ही इतिहासाची विचित्र खोड म्हणावी लागेल. राष्ट्रध्वजावर आजही दोन मजूर उभे आहेत, एकाच्या हाती कुऱ्हाड आणि दुसऱ्याच्या हाती वल्हे. त्यांच्यामागे महोगनीचे झाड आहे.

पर्यटकांना दाखवली जाणारी कित्येक ठिकाणे या लाकूडतोडीशी जोडलेली आहेत. पश्चिमेकडील घनदाट रानातले काराकोल हे माया संस्कृतीतील प्राचीन नगर १९३७ मध्ये महोगनी शोधत हिंडणाऱ्या एका लाकूडतोड्याला दिसले. तेथील 'काना' हा सुमारे ४३ मीटर उंचीचा पिरॅमिड आजही देशातील सर्वांत उंच बांधकामांमध्ये गणला जातो.  उत्तरेकडील 'आल्तुन हा' या दुसऱ्या माया नगराच्या अवशेषांत १९६८ मध्ये सूर्यदेवाचे म्हणून ओळखले जाणारे, साडेचार किलोंच्या आसपास वजनाचे जेडचे मस्तक सापडले. तेथील मंदिराचे चित्र स्थानिक बेलिकिन बियरच्या बाटलीवर छापलेले असते. मार्चमध्ये भरणारी 'ला रूटा माया' ही चार दिवसांची होडी शर्यतही सान इग्नासियोहून नदीच्या प्रवाहाने बेलीझ सिटीपर्यंत येते. रानातले ओंडके पूर्वी याच नदीमार्गाने समुद्राकडे सोडले जात. १९९८ पासून ही शर्यत भरते आहे.

१९६१ च्या ३१ ऑक्टोबरला हॅटी चक्रीवादळाने बेलीझ सिटीची दाणादाण उडवली. त्यानंतर आतल्या भागात बेल्मोपान ही नवी राजधानी वसवून १९७० मध्ये कारभार तिकडे हलवण्यात आला. ब्रिटिश होंडुरास हे जुने नाव १९७३ मध्ये गेले आणि १९८१ च्या २१ सप्टेंबरला देश स्वतंत्र झाला. तोवर लाकडाचा जमाना सरला होता.

समुद्राकडे पर्यटकांचे पाय वळले ते अँबरग्रीस बेटावरील सान पेद्रो या कोळ्यांच्या गावातून. मेक्सिकोतील युकातानमधल्या यादवीतून पळालेल्या निर्वासितांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेल्या या गावात १९६० च्या दशकात पहिली हॉटेले निघाली. १९७१ मध्ये फ्रेंच सागरसंशोधक जाक कुस्तो यांनी आपले 'कॅलिप्सो' जहाज लाइटहाऊस रीफवरील 'ग्रेट ब्लू होल'मध्ये आणले आणि सुमारे ३०० मीटर रुंदीचा, १२० मीटरहून अधिक खोल असा तो निळा डोह जगभर गाजला. समुद्राची पातळी खाली होती तेव्हाची ही कोरडी गुहा. आत लोंबणारे चुनखडीचे सुळके तीच साक्ष देतात. माझ्या मते मात्र सान पेद्रोजवळचे 'शार्क रे अॅली' अधिक बोलके ठिकाण आहे. कोळी तेथे मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात फेकत असत. त्या वासाने नर्स शार्क आणि पाकट मासे गोळा होण्याची सवय लागली आणि कालांतराने त्यांना पाहण्यासाठी माणसे गोळा होऊ लागली. शेजारचे होल चान सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले.

जमिनीवर हाच क्रम कॉक्सकोम्बच्या खोऱ्यात घडला. जुन्या लाकूडतोडीच्या या खोऱ्यात प्राणिशास्त्रज्ञ अॅलन रॅबिनोविट्झ यांनी जॅग्वारचा अभ्यास केला. १९८४ मध्ये तेथे शिकारबंदी झाली आणि १९८६ मध्ये जॅग्वारसाठीचे जगातील पहिले अभयारण्य आकारास आले. त्यासाठी आत राहणाऱ्या माया कुटुंबांना बाहेर पडावे लागले, ही बाब माहितीपत्रकांत क्वचितच आढळते.

प्रवाळभिंतीच्या सात क्षेत्रांना युनेस्कोने १९९६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. खारफुटीची तोड आणि किनाऱ्यालगतच्या जमिनींची विक्री यांमुळे २००९ मध्ये हा वारसा धोक्याच्या यादीत गेला. पुढे समुद्रातील तेलशोधाच्या परवान्यांनी लोकांची काळजी वाढवली. ज्या देशाचे पोट पर्यटनावर आणि मासेमारीवर अवलंबून आहे, तेथे तेलगळतीची एक घटनाही पुरेशी होती. अखेर २०१७ च्या डिसेंबरमध्ये कायद्याने सागरी तेलशोध थांबवण्यात आला आणि २०१८ मध्ये हे नाव त्या यादीतून वगळले गेले.

क्रूझ जहाजांचा ओघ वाढल्यानंतर बेलीझ सिटीत त्यांच्या प्रवाशांसाठी २००१ मध्ये खास धक्का आणि बाजारपेठ उभी राहिली. बेलीझ सिटीसमोरचे पाणी उथळ असल्यामुळे मोठी जहाजे काही किलोमीटर दूर नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणले जाते. काहीजण दिवसभर जहाजावरच थांबतात आणि ब्लिस यांच्याप्रमाणे दीपगृह व किनारा दुरूनच पाहून संध्याकाळी पुढच्या बंदराकडे निघून जातात.