ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील अटीवर चालणारे लूप

किती फेऱ्या होणार हे आधी ठाऊक नसताना, दिलेली अट खरी आहे तोवर तीच विधाने पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेला अटीवर चालणारा लूप म्हणतात. जावा, सी प्लस प्लस आणि सी शार्पमध्ये त्याची ‘व्हाइल’ आणि ‘डू-व्हाइल’ अशी दोन रूपे आहेत. व्हाइल आधी अट तपासतो, त्यामुळे तो एकदाही न फिरता सुटू शकतो. डू-व्हाइल आधी काम करतो आणि मग अट पाहतो, म्हणून त्याची एक फेरी तरी होतेच. पायथनमध्ये डू-व्हाइल नाही. रुबीत अट खोटी आहे तोवर फिरणारा ‘अंटिल’ही आहे.

पहिली ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा मानली जाणारी सिम्युला ६७ नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी घडवली. तिच्यात व्हाइल होता, पण तो भाषेच्या व्याकरणाचा भाग होता. ऑब्जेक्टशी, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या घटकाशी, त्याचे खास नाते नव्हते. ते नाते झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात जन्मलेल्या स्मॉलटॉक भाषेने जोडले. तिथे लूपसाठी वेगळे व्याकरणच नाही. कंसात बांधलेली अट हा स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो आणि त्याला ‘व्हाइलट्रू’ हा संदेश पाठवला जातो. अटीचे उत्तर एकदाच काढून भागत नाही, दर फेरीला नव्याने काढावे लागते. म्हणून उत्तराऐवजी प्रश्नच ऑब्जेक्ट म्हणून हाताशी ठेवावा लागतो.

इतर भाषांत व्हाइल हा राखीव शब्द असला तरी चांगल्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅममध्ये अटीचे स्वरूप हेच असते: ऑब्जेक्टला विचारलेला प्रश्न. लूप विचारतो, ‘झाले का?’ आणि उत्तर ‘नाही’ आले तर त्याच ऑब्जेक्टला पुढचे पाऊल टाकायला सांगतो. म्हणजे लूप थांबेल की नाही याची बरीचशी जबाबदारी लूप लिहिणाऱ्याकडून क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा, लिहिणाऱ्याकडे जाते. लूपवरच्या बहुतेक धड्यांत ही बाजू राहून जाते, आणि खरे महत्त्व तिलाच आहे.

देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली प्रक्रिया याचे उत्तम उदाहरण आहे. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करायचे. ३५२४ पासून ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ६१७४ वर हीच क्रिया केली की पुन्हा ६१७४ च येते. कोणत्या संख्येला किती पावले लागतील हे पाहताक्षणी सांगता येत नाही; जास्तीत जास्त सात लागतात. काम व्हाइलचेच आहे.

लूप एका ओळीचा आहे: ६१७४ येत नाही तोवर पुढचे पाऊल टाक. तरीही तो दोन ठिकाणी कायमचा अडकू शकतो. ११११ सारख्या सर्व अंक सारखे असलेल्या संख्येची वजाबाकी शून्य येते आणि पुढे शून्यच राहते. दुसरी अडचण लवकर ध्यानात येत नाही. २१११ मधून १११२ वजा केल्यावर ०९९९ उरतात. पुढचे शून्य गाळून ही संख्या साधी ९९९ म्हणून ठेवली की पुढची वजाबाकी शून्य येते आणि लूप संपत नाही. शून्य सांभाळले तर ८९९१, ८०८२, ८५३२ करत पाचव्या पावलाला ६१७४ हाती येते.

या दोन्ही गोष्टी लूपमध्ये तपासता येतात, पण मग असा प्रत्येक लूप लिहिणाऱ्याला त्या आठवणीत ठेवाव्या लागतील. त्यापेक्षा संख्येचा क्लास करावा. त्याच्या कन्स्ट्रक्टरने, म्हणजे नवा ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या भागाने, सारख्या अंकांची संख्या नाकारावी आणि चारही अंक क्लासने खाजगी ठेवून जपावेत. एवढे केले की त्या ऑब्जेक्टवरचा लूप थांबणारच. बाहेरून कोणी आतले अंक बदलू शकत नाही, याचा खरा लाभ इथे मिळतो.

बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल भाषेत ही काळजी लूपच्या रचनेतच आहे. लूपबरोबर प्रत्येक फेरीला खरे राहिलेच पाहिजे असे विधान लिहिता येते, तसेच दर फेरीला घटत जाणारी पण शून्याखाली न जाणारी पूर्णांक राशीही देता येते. प्रश्न विचारणाऱ्या मेथडने, म्हणजे क्लासमधील कृतीने, ऑब्जेक्टची स्थिती बदलू नये, हा मेयर यांचा आग्रह अटींच्या बाबतीत विशेष पटतो. जावात संग्रहातील घटक एकेक करून देणाऱ्या इटरेटरमधील, पुढे घटक आहे का हे सांगणारा ‘हॅजनेक्स्ट’ कितीही वेळा विचारला तरी पुढे सरकत नाही. ‘नेक्स्ट’ मात्र घटक देतो आणि पुढेही सरकतो. एकाच फेरीत ‘नेक्स्ट’ दोनदा लिहिला की एकाआड एक घटक निसटतात. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक वारंवार दिसते.

अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामे, एकच ऑब्जेक्ट वापरतात तेव्हा अटीचे उत्तर दुसराच कोणी बदलू शकतो. रांग रिकामी असेल तर थांबायचे, हे काम अट एकदाच तपासणाऱ्या ‘इफ’ने भागेल असे वाटते. संगणकशास्त्रज्ञ टोनी हॉर यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या मॉनिटरमध्ये, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या रचनेत, ते भागतही असे, कारण अट बदलल्याचा इशारा मिळताच थांबलेल्यालाच लगेच ताबा मिळे. झेरॉक्समध्येच घडलेल्या मेसा भाषेत इशारा ही केवळ सूचना ठरली. जागे होणे आणि ताबा मिळणे यांच्या मधल्या वेळात दुसरा थ्रेड रांग पुन्हा रिकामी करू शकतो, म्हणून अट नव्याने तपासावी लागते. जावाने हीच पद्धत उचलली. शिवाय तिथे थ्रेड क्वचित इशाऱ्याविनाही जागा होऊ शकतो, त्यामुळे थ्रेडला थांबवणारा ‘वेट’ नेहमी लूपच्या आतच बोलवावा असे जावाचे अधिकृत दस्तऐवज सांगतात.