वसईच्या ख्रिस्ती घरातली संध्याकाळची प्रार्थना आणि देवाचे उपकार मानणं, हे आलं कुठून

वसईत संध्याकाळी कुठल्याही ख्रिस्ती गावातून फिरा, घराघरातून जपमाळेच्या प्रार्थनेचा आवाज येतोच, आणि ती सुरू करणारी असते घरातली बाई, म्हणजे आई नाहीतर आजी. जेवायच्या आधी देवाचे आभार, दुपारी चर्चची घंटा वाजली की हातातलं काम थांबवून क्रूसाची खूण, भाताचं पहिलं कणीस वेदीवर, हे सगळं तिच्याच हातात. आपण ते इतकं रोज बघतो की यामागे केवढा मोठा इतिहास आहे ते लक्षातच येत नाही.

सुरुवात अर्थात पोर्तुगीजांची. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं फ्रान्सिस्कन, जेझुइट वगैरे संघांचे धर्मगुरू इथे होते. दुपारच्या घंटेची रीत त्याही आधीची, १४५६ मध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी तुर्कांशी युद्ध चालू असताना दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं होतं. जपमाळेचा सण तुर्कांशीच झालेल्या १५७१ च्या लेपांतोच्या लढाईनंतरचा. म्हणजे युरोपातल्या युद्धांच्या काळात लागलेल्या या सवयी आमच्या केळीच्या बागांत आणि भाताच्या शेतात येऊन रुजल्या, आणि इथे त्यांचं रूप पार बदललं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १७३९ नंतरचा काळ. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर त्यांचे धर्मगुरूही गेले. मागे थोडी चर्चेस राहिली आणि थोडे इथलेच, देशी धर्मगुरू. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तर तेव्हा लॅटिनमध्ये, लोकांना शब्दही कळायचे नाहीत, आणि ते तसंच चाललं पार १९६० च्या दशकापर्यंत, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आली. मग मधली इतकी वर्षं पोरांना प्रार्थना शिकवली कोणी? घरातल्या बायकांनीच. ज्यांना लिहिता वाचता येत नव्हतं त्यांनी तोंडपाठ ठेवलं, मुलीला दिलं, मुलीने नातीला. आमच्याकडे श्रद्धा टिकली त्याचं श्रेय इमारतींना देतात तेवढंच या बायकांना द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत याचं वाईट वाटतं.

मराठीतून ख्रिस्ताची कथा ऐकण्याची सोय मात्र कोकण किनाऱ्यावर फार लवकर झाली होती. गोव्यात राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ओव्यांमध्ये, १०,००० पेक्षा जास्त. इथल्या बाईच्या कानाला ओवी जात्यावरची ओळखीची, त्यामुळे तीच चाल देवासाठी वापरली हे किती शहाणपणाचं.

उपकार मानण्याचा मोठा दिवस म्हणजे आगेरा, ऑक्टोबरचा पहिला रविवार. हळवं भात तयार होतं त्याच सुमारास, कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात आणि मग घरच्या वेदीजवळ ठेवतात. जपमाळेचा महिनाही ऑक्टोबरच, १८८३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी तो महिना जपमाळेला दिला. म्हणजे नवं पीक आणि जपमाळ एकदमच येतात, आणि घरची बाई दोन्हीचं एकाच दमात करते. संकटात नवस बोलणंही तसंच, १८९६ च्या प्लेगात मुंबईच्या ख्रिस्ती वाड्यांत लोकांनी क्रूस उभे केले, ते आजही वांद्र्याला, गिरगावात दिसतात, त्यांच्यासमोर प्रार्थना होतात.

१९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला चर्चचा विभाग झाला. शेतं कमी झाली, बायका विरार लोकलने नोकरीला जायला लागल्या, त्यामुळे काहीजणींची जपमाळ आता लेडीज डब्यात होते, आणि रात्री घरी उशीर झाला तरी ताटावर बसायच्या आधी ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ म्हणणं चालूच आहे.